ऑनलाइन समुदायातील किशोर: संरक्षण, कौतुक आणि आदर

इंटरनेटवर अनोळखी माणसे एकत्र येऊन जे जे घडवतात, त्यात किशोरवयीनांचा हात पहिल्यापासून आहे. विश्वकोशाच्या नोंदी, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, नकाशे, भाषांतरे अशा कामांत तेरा-चौदा वर्षांची मुले-मुली आणि निवृत्त प्राध्यापक शेजारी शेजारी काम करत असतात आणि बहुतेक वेळा त्यांना एकमेकांचे वय ठाऊकही नसते. संकेतस्थळांवरचा नवा मजकूर वाचकापर्यंत आपोआप पोहोचवणारे आरएसएस १.० हे मानक डिसेंबर २००० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याच्या लेखकांपैकी एक, आरन स्वॉर्ट्झ, चौदा वर्षांचा होता. विकिपीडियावर लेख संपादित करायला आजही किमान वयाची अट नाही.

असे असूनही या समुदायांत मुलांशी कसे वागावे याची चर्चा बहुधा दोनच गोष्टींभोवती फिरते: त्यांना जपावे आणि त्यांचे कौतुक करावे. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. मुलांना आदराने वागवणे म्हणजे त्यांच्या कामाला खरे काम मानणे. त्या कामाची कारणांसह चिकित्सा करणे, त्याचे श्रेय देणे, चूक झाल्यास न्यायाने वागणे आणि कुवतीप्रमाणे जबाबदारी वाढवत नेणे, एवढे सगळे या आदरात येते. आदर वगळला, तर मायेचा लाड होतो आणि संरक्षणाची कोंडी होते.

१. प्रचलित दृष्टी कोठे अपुरी पडते

संरक्षणाची दृष्टी कायद्यांत स्पष्ट दिसते. अमेरिकेने १९९८ मध्ये केलेल्या कायद्याने तेरा वर्षांखालील मुलांची माहिती गोळा करण्यावर बंधने आणली. अनेक संकेतस्थळांवर दिसणारी तेरा वर्षांची अट तेथून आली. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते, तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते, आणि तिच्या वर्तनावर पाळत ठेवून तिला जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या कायद्याने मोठ्या समाजमाध्यमांवर सोळा वर्षांखालील मुलांना खाती ठेवण्यास बंदी केली आणि ती १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाली.

या कायद्यांमागची चिंता खरी आहे. मुलांचे लक्ष आणि त्यांची माहिती विकून नफा कमावणाऱ्या कंपन्यांना लगाम हवाच. पण या कायद्यांसमोरचे मूल ग्राहक आहे. मूल जेथे कर्ते असते, लिहिते, दुरुस्त करते, रचते, तेथेही हीच नजर लावली, तर ते केवळ धोक्याचे किंवा उपद्रवाचे कारण वाटू लागते.

कौतुकाची दृष्टी वरवर याच्या उलट दिसते. ‘एवढ्याशा वयात केवढे काम!’ या उद्गारात वयाची दखल असते, कामाची नसते. ते काम बरोबर आहे का, त्यात काय कच्चे राहिले, पुढे काय करता येईल, यांपैकी कशाचेही उत्तर त्या मुलाला मिळत नाही. युनिसेफसाठी १९९२ मध्ये लिहिलेल्या निबंधात रॉजर हार्ट यांनी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. मुलांचा हत्यारासारखा वापर, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि त्यांना नावापुरते सामील करून घेणे, या सर्वांत खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलेच नाही. निव्वळ कौतुकाची धाव याच पायऱ्यांपर्यंत असते.

संरक्षण आणि अभिव्यक्ती यांना परस्परविरोधी मानण्याला कायदेशीर आधारही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत, जी भारताने १९९२ मध्ये स्वीकारली, छळापासून संरक्षणाचा हक्क (कलम १९) जसा आहे, तसाच आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा (कलम १२), अभिव्यक्तीचा (कलम १३) आणि खासगीपणाचा (कलम १६) हक्कही आहे. हे सारे हक्क डिजिटल जगातही लागू आहेत, असे बालहक्क समितीने २०२१ मध्ये स्पष्ट केले. हे स्पष्टीकरण तयार करताना समितीने ७०० हून अधिक मुलामुलींची मते विचारात घेतली होती.

२. वय झाकलेले, काम समोर

घरात, शाळेत, बसमध्ये मूल दिसते ते वयासकट. ऑनलाइन समुदायात आधी मजकूर दिसतो, आज्ञावली दिसते. ती लिहिणारा मागे असतो. किशोरांना या माध्यमाने दिलेली ही मोठी संधी आहे. जगात इतरत्र ज्याचे बोलणे वयामुळे अर्ध्यात तोडले जाते, त्याचा मुद्दा येथे मुद्दा म्हणून वाचला जातो.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा: समोरचा तेरा वर्षांचा आहे की तेहतीस, हे कळण्याचा मार्ग नसेल, तर सौजन्य मुलांपुरते राखून ठेवता येत नाही. बरोबरीच्या प्रौढाला उद्देशून लिहिलेले तिखट वाक्य शाळकरी मुलीने वाचलेले असू शकते. म्हणून मुलांशी सौम्य वागायचे असेल, तर सर्वांशीच तसे वागण्याची रीत समुदायाला पाडावी लागते. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या मंडळाने २०२० मध्ये मंजूर केलेल्या सार्वत्रिक आचारसंहितेत परस्पर आदराची अपेक्षा वयनिरपेक्ष ठेवली आहे, ती याच अर्थाने योग्य आहे.

दुसरा निष्कर्ष: सौम्यपणे वागता यावे म्हणून वय विचारणे चूक आहे. तसे केल्यास ज्या मुलाने शहाणपणाने आपली ओळख झाकली, त्याला ती उघड करावी लागते. शिवाय वय कळले, की अनेकदा संबोधन बदलते आणि मुद्द्याला उत्तर देणे थांबते. कालपर्यंत ज्याच्याशी संदर्भांवर वाद चालला होता, त्याला आज ‘आधी अभ्यास कर’ असे सांगितले जाते. वाद ज्या मुद्द्यावर होता, तो मात्र तसाच पडून राहतो.

३. कडेपासून मध्यापर्यंत

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ च्या ग्रंथात शिकण्याची एक उपपत्ती मांडली. माणूस कोणतेही कसब एखाद्या कर्त्या समुदायात कडेला शिरून आणि हळूहळू मध्याकडे सरकत शिकतो. लायबेरियातील शिंप्यांचे उदाहरण त्यांनी दिले आहे. तेथे उमेदवार आधी बटणे लावतो, काठ दुमडतो, मग शिवण घालतो आणि कापड बेतायला शेवटी शिकतो. चूक झाली तरी कापड वाया जाऊ नये, ही या क्रमामागची खबरदारी आहे. पण पहिल्या दिवसाचे बटणही खऱ्या सदऱ्याला लागते.

ऑनलाइन समुदायांत ही कडेची कामे विपुल आहेत. विश्वकोशात शुद्धलेखन तपासणे, संदर्भ जोडणे, चित्राखाली वर्णन लिहिणे. सॉफ्टवेअरमध्ये दोष नोंदवणे, सूचनापुस्तिका सुधारणे, शब्दांची भाषांतरे करणे. २०१० ते २०१९ या काळात दरवर्षी झालेली गूगल कोड-इन ही स्पर्धा याच तत्त्वावर उभी होती. तेरा ते सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांना मुक्त स्रोत प्रकल्पांतील लहान कामे दिली जात, आणि त्यासाठी त्या त्या प्रकल्पातले मार्गदर्शक उपलब्ध असत.

अशी व्यवस्था आदराची ठरायला दोन अटी आहेत. काम लहान असले तरी खरे हवे. मुलांना गुंतवून ठेवण्यासाठी काढलेली खोटी कामे मुले लगेच ओळखतात. आणि कडेपासून मध्यापर्यंतची वाट मोकळी हवी. वर्षभर शुद्धलेखन सुधारणाऱ्या मुलीला धोरणांच्या चर्चेत बोलता आले पाहिजे. मराठी विकिपीडियावर अशा सामायिक चर्चेच्या जागेला चावडी म्हणतात. तेथे तिच्या मुद्द्याला उत्तर मिळाले, तर ती समुदायाची सदस्य झाली; न मिळाल्यास ती फुकट मिळालेली कामगार ठरते.

४. कारण देणे: आदराची पहिली कसोटी

नवख्या सदस्याचा समुदायाशी पहिला संबंध बहुधा नकारातून येतो: त्याने केलेला बदल कोणीतरी परतवतो. हा नकार कसा येतो, यावर पुष्कळ काही ठरते. इंग्रजी विकिपीडियाच्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घटू लागली. एरन हाफेकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याची कारणे तपासली. उत्पात रोखण्यासाठी उभारलेली अर्धस्वयंचलित साधने, साचेबंद इशारे आणि ताठर झालेले नियम यांचा मारा सद्हेतूने आलेल्या नवख्यांवरही होत होता आणि ते टिकत नव्हते. तेथेच २०१२ मध्ये ‘टीहाउस’ हा मदतकक्ष सुरू झाला, जेथे नवख्यांच्या प्रश्नांना अनुभवी सदस्य स्वतः उत्तरे देतात. काही नवख्यांना तेथे बोलावून आणि काहींना न बोलावता केलेल्या तुलनेत बोलावलेले अधिक प्रमाणात टिकल्याचे नंतर दिसून आले.

हे निष्कर्ष सर्व वयांच्या नवख्यांविषयीचे आहेत. किशोरांच्या बाबतीत त्यांचे वजन आणखी वाढते, कारण आपल्याला कमी लेखले जात आहे का, याकडे या वयात मनाचे विशेष लक्ष असते. डेव्हिड येगर, जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतील सातवीच्या विद्यार्थ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. शिक्षकांनी निबंधांवर नेहमीसारखेच टीकात्मक शेरे दिले. काही निबंधांना मात्र अशा आशयाची चिठ्ठी जोडली, की आपल्या अपेक्षा उंच आहेत आणि विद्यार्थी त्या गाठू शकेल अशी खात्री आहे, म्हणून हे शेरे दिले आहेत. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांमध्ये निबंध सुधारून परत देणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवरून ७० टक्क्यांच्या वर गेले. प्रयोगातील संख्या लहान होती, पण त्यातून निघणारी दिशा स्पष्ट आहे. शेऱ्यांची धार कमी केलेली नव्हती. शेरे का दिले, एवढेच उघड केले होते.

चांगल्या चिकित्सेत म्हणून तीन गोष्टी असतात: काय चुकले, का चुकले आणि पुढे काय करता येईल. समजा, एका विद्यार्थ्याने आपल्या शाळेवर विश्वकोशात लेख लिहिला. ‘उल्लेखनीयता नाही, लेख वगळला’ हा शेरा नियमाला धरून आहे, पण त्यातून मुलाला एवढेच कळते, की आपण येथे नको आहोत. ‘शाळेबद्दल वृत्तपत्रांत किंवा ग्रंथांत स्वतंत्र माहिती आलेली असेल तर लेख ठेवता येईल, तोपर्यंत गावाच्या लेखात शाळेचा परिच्छेद जोडावा’ या शेऱ्यातही लेख वगळलेलाच आहे. निकष तसूभरही खाली आलेला नाही. फरक इतकाच, की मुलाच्या हाती पुढचे काम आहे.

५. श्रेय: माणसाने माणसाला दिलेले

एमआयटी मीडिया लॅबमधील मिचेल रेझनिक यांच्या गटाने २००७ मध्ये ‘स्क्रॅच’ हे मुलांसाठीचे प्रोग्रामिंगचे माध्यम खुले केले. तेथे मुले आपले खेळ आणि चलच्चित्रे मांडतात, आणि दुसऱ्याचा प्रकल्प घेऊन त्यावर नवे रचण्याची सर्वांना मुभा आहे. लवकरच नक्कल केल्याच्या तक्रारी आल्या. उपाय म्हणून मूळ कर्त्याचे नाव नव्या प्रकल्पाखाली आपोआप दाखवण्याची सोय करण्यात आली. तरीही तक्रारी थांबल्या नाहीत.

आंद्रेस मोनरॉय-हर्नांडेझ, बेंजामिन मॅको हिल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याचा उलगडा केला. यंत्राने छापलेल्या नावापेक्षा पुढच्या मुलाने स्वतः लिहिलेले दोन आभाराचे शब्द मूळ कर्त्याला कितीतरी मोलाचे वाटत होते. नाव दोन्ही ठिकाणी तेच होते, पण दुसऱ्या ठिकाणी कोणीतरी आपले काम पाहून मान्य केल्याचा पुरावा होता. प्रौढांच्या समुदायांनी यातून घ्यायचा धडा सरळ आहे. बदलांच्या इतिहासात नाव नोंदले जाते, म्हणून श्रेय दिले गेले असे मानू नये. कोणते काम उपयोगी पडले आणि का, हे नेमके सांगणे म्हणजे श्रेय. नेमके सांगायचे तर काम वाचावे लागते. पोकळ कौतुकाला तेवढेही लागत नाही.

६. न्याय: नियम, शिक्षा आणि दाद

आदराची खरी परीक्षा मूल चुकते तेव्हा होते. पोलंडमधील डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ यानुश कोरचाक यांनी वॉर्सातील आपल्या अनाथाश्रमात मुलांचे न्यायालय चालवले. न्यायाधीश मुलेच असत, तक्रार कोणावरही करता येई, आणि खुद्द कोरचाक यांनाही त्या न्यायालयापुढे उभे राहावे लागले. त्याच्या संहितेतली बहुतेक कलमे क्षमेची होती; कठोर कलमे शेवटी आणि मोजकी होती. मुलाच्या आदराच्या हक्कावर त्यांनी १९२९ मध्ये पुस्तक लिहिले. त्याआधी १९२६ मध्ये मुलांनीच लिहिलेला मजकूर छापणारे साप्ताहिकही त्यांनी सुरू केले होते.

ऑनलाइन समुदायांत न्यायाची मोडतोड सहज होते, कारण खाते बंद करायला एक कळ पुरते. म्हणून चार गोष्टी लेखी हव्यात. नियम तेरा वर्षांच्या वाचकाला कळतील अशा भाषेत असावेत. बंदीपूर्वी इशारा आणि कारण द्यावे. निर्णय देणाऱ्याहून वेगळ्या माणसाकडे दाद मागता यावी. आणि शिक्षेला मुदत असावी. चौथी गोष्ट मुलांच्या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. चर्चापानांचे जुने दप्तर वर्षानुवर्षे शोधता येते. बाराव्या वर्षी केलेला आचरटपणा विसाव्या वर्षी पुरावा म्हणून पुढे करणे अन्यायाचे आहे. नाव बदलून नव्याने सुरुवात करण्याची वाट मोकळी असलीच पाहिजे.

७. संरक्षण हा आदराचाच भाग

विहिरीत पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या कमरेला भोपळा बांधतात, तो त्याला पाण्यात उतरता यावे म्हणून. संरक्षणाचे नियम याच हेतूने आखले, तर ते सहभागाच्या आड येत नाहीत.

हे नियम ठरलेले आणि साधे आहेत. मार्गदर्शन शक्यतो उघड्या पानावर व्हावे. एकच प्रौढ आणि मूल यांच्यातील खासगी संदेशांची सवय पडू देऊ नये. छायाचित्र, फोन क्रमांक, शाळा, पत्ता कोणी विचारू नये, आणि मुलाने अनवधानाने लिहिले असल्यास ते गाजावाजा न करता काढून टाकावे. प्रत्यक्ष मेळाव्याला येताना पालकांची संमती घ्यावी. २०१२ च्या पोक्सो कायद्याने मुलांचा लैंगिक छळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला तरी तो गुन्हाच ठरतो, आणि अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्यावर ती कळवण्याचे बंधन आहे. मदतीसाठी १०९८ ही बालसाहाय्य सेवा आहे. हे तपशील समुदायाच्या मदतपानावर मुलांना सापडतील असे असावेत.

संरक्षणाचे यशही शेवटी आदरावरच अवलंबून असते. आपण तक्रार केली तर आपल्यालाच बाहेर काढतील, किंवा घरचे इंटरनेट बंद करतील, अशी भीती असलेले मूल गप्प बसते आणि त्रास देणारा मोकाट राहतो. आपले ऐकले जाते असा पूर्वानुभव असलेले मूलच वेळेवर बोलते.

८. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: स्वयंसेवकांकडे वेळ नसतो, प्रत्येक नवख्याला कारण कोण सांगत बसणार? वेळेची टंचाई खरी आहे. पण कारण न दिल्यास तीच चूक पुन्हा होते आणि तीच दुरुस्ती पुन्हा करावी लागते. नेहमीच्या चुकांसाठी सौम्य, सकारण उत्तरे एकदा लिहून ठेवता येतात. आणि नवखे टिकले नाहीत, तर उद्या हे काम करायला स्वयंसेवकच उरणार नाहीत. ज्या भाषांत सक्रिय संपादक मोजकेच आहेत, मराठी त्यांपैकी एक, तेथे दुरावलेला एक विद्यार्थीही मोठी हानी ठरतो.

दुसरा आक्षेप: मुले उत्पात करतात. काही करतात, प्रौढही करतात. उत्पात तत्काळ परतवावा, त्यात दुमत नाही. मात्र निवाडा कृतीचा असावा. एकाच्या खोडीपायी त्याच्या वयाच्या सगळ्यांना संशयित ठरवणे, हा नियम प्रौढांच्या बाबतीत कोणी सहन केला नसता.

तिसरा आक्षेप: या वयात निर्णयशक्ती पक्व नसते, मग जबाबदारी कशी द्यावी? उत्तर जबाबदारीच्या पायऱ्यांत आहे. विकिमीडियावर सदस्यांची गोपनीय माहिती पाहण्याचा अधिकार देणाऱ्या तपासनीसांसारख्या पदांसाठी किमान अठरा वर्षांची अट आहे, आणि ती रास्त आहे. त्या पदाच्या चुकीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. लेख लिहिणे, वाद घालणे, दोष दाखवणे यांना तशी अट नाही, हेही तितकेच रास्त आहे. मर्यादा कामाच्या धोक्यावरून ठरावी आणि तिचे कारण उघड असावे.

चौथा आक्षेप: जग कठोर आहे, टक्केटोणपे खाऊनच माणूस तयार होतो. या युक्तिवादात टिकून राहिलेल्यांचीच साक्ष काढली जाते. जे निघून गेले, त्यांची मोजदाद कोणी करत नाही. लिनक्स कर्नलचा समुदाय अनेक वर्षे अशाच कठोरपणाचे उदाहरण म्हणून सांगितला जाई. २०१८ मध्ये खुद्द त्याचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या पूर्वीच्या बोलण्याबद्दल माफी मागून काही काळ काम थांबवले आणि प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. कर्नलचे काम त्यानंतरही अव्याहत चालू आहे. काटेकोरपणाला अपमानाची जोड लागत नाही.

पाचवा आक्षेप संस्कृतीच्या नावाने येतो: आदर धाकट्यांनी थोरांचा करायचा. पण बालकाच्या आदराचा विचार मराठी मातीला परका नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला, आणि १९४५ पासून बोर्डीत व पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी मुलांपर्यंत बालशिक्षण नेले. मूल स्वतःहून शिकू शकते, म्हणून त्याच्यावर धाक नको, ही त्या कामाची पायाभूत श्रद्धा होती. अंगणातल्या तीन वर्षांच्या मुलाला जो विश्वास तेव्हा दिला गेला, तो पडद्यापलीकडच्या चौदा वर्षांच्या मुलीला नाकारण्याचे कारण नाही.

९. समुदायांचे कर्तव्य

या विवेचनातून निघणारी कर्तव्ये मोजकी आहेत. सौजन्य सर्वांसाठी ठेवावे, म्हणजे कोणाचे वय विचारावे लागणार नाही. कडेची कामे खरी असावीत आणि मध्याकडची वाट मोकळी असावी. नकारासोबत कारण आणि पुढची पायरी द्यावी. श्रेय नाव घेऊन, काम सांगून द्यावे. शिक्षेला इशारा, दाद आणि मुदत असावी. संरक्षणाचे नियम असे असावेत, की मूल आत राहूनच सुरक्षित राहील.

यांपैकी एकालाही मोठा निधी किंवा नवा कायदा लागत नाही. प्रत्येक प्रचालकाने, संपादकाने आणि प्रकल्पाच्या चालकाने पुढच्या नवख्याला उत्तर लिहिताना एवढे धरून चालावे, की वाचणारा चौदा वर्षांचा असू शकतो आणि त्याचा मुद्दा बरोबर असू शकतो. या दोन्ही शक्यता मनात ठेवून लिहिलेले उत्तर प्रौढालाही अधिक उपयोगी पडते.